हात टिकेपर्यंत

मी सातपूरच्या एका कारखान्यात मापं तपासतो. सत्तावीस वर्षं हेच करतोय. दुसऱ्याने बनवलेल्या वस्तूवर संशय घ्यायचा, याचा मला पगार मिळतो, आणि हा स्वभाव गेटवर ठेवून घरी येता येत नाही. पंपावर पेट्रोल भरताना मी आकड्याऐवजी भरणाऱ्याच्या हाताकडे बघतो. द्राक्षांच्या पेटीतला खालचा थर आधी उपसतो. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायको म्हणाली होती, "अहो, माझ्या माहेरून आलेल्या घड्याळाची वेळसुद्धा तुम्ही रेडिओवर तपासून घेतलीत." ते खरं होतं. घड्याळ दोन मिनिटं मागे होतं, हेही खरं होतं.

या स्वभावामुळेच मला शर्यतीत बोलावलं गेलं. दिंडोरी रस्त्याच्या आत एका माळावर वर्षातून तीन-चार वेळा मोटरसायकलींच्या शर्यती होतात. टँकरने पाणी मारून माती दाबलेली असते, बाजूला मंडप, माईक, वडापावची गाडी. त्यातला एक गट असतो तो शोरूम क्लास. म्हणजे दुकानातून विकत मिळते तशीच गाडी. आरसे, दिवे आणि नंबरप्लेट काढायची, बाकी काही बदलायचं नाही. इंजिन दीडशे सीसीच्या आतलं.

सीसी म्हणजे इंजिनाच्या पोटात किती जागा आहे त्याचं माप. पिस्टन ज्या नळीत खालीवर होतो तिला आमच्याकडे ब्लॉक म्हणतात. ब्लॉकचा आतला व्यास वाढवला की जागा वाढते आणि ताकदही थोडी वाढते. म्हणून शर्यत संपल्यावर पहिल्या तिघांची इंजिनं उघडायची, बोअर गेज आत घालायचं आणि व्यास मोजायचा. हे काम माझं. आठ वर्षं मी ते केलं, आणि माळावर लोक म्हणायचे की सरांनी मोजलं म्हणजे मोजलं. हे ऐकायला मला आवडायचं, हेही इथेच सांगून टाकतो.

नियमात एक सवलत होती. वापरून ब्लॉक झिजतो, मग तो लेथवर आतून कापून घेतात आणि थोडा मोठा पिस्टन टाकतात. याला बोअर करणं म्हणतात. तेव्हा मूळ मापावर अर्धा मिलिमीटरपर्यंत चालेल, असं नियमपुस्तकात लिहिलं होतं. मला ही सवलत कधीच पटली नव्हती. झिजेच्या नावाखाली कोण काय करेल याचा भरवसा नाही, असं मी बैठकीत बोलूनही दाखवलं होतं.

मागच्या वर्षीची एप्रिलमधली शर्यत. शोरूम क्लासमध्ये चौदा गाड्या होत्या. तेरा जवळपास नव्या, इंधन इंजेक्शनने सोडणाऱ्या. चौदावी पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची, टाकीचा रंग उडालेली, जुन्या पद्धतीच्या कार्बोरेटरची. चालवणारा मालेगावचा, पस्तिशीचा माणूस. यंत्रमागांची दुरुस्ती करायचा. तो पहाटे त्याच गाडीवरून माळावर आला होता. ऐंशी-नव्वद किलोमीटर चालवून आला, आरसे आणि दिवे काढले आणि शर्यतीला उभा राहिला.

सकाळी चहा पिताना एका जुन्या स्पर्धकाने मला बाजूला घेतलं आणि त्या मालेगाववाल्याचं जरा बघा, असं सांगितलं. निदान मला तेवढं आठवत होतं. पण खरं बोलायचं तर त्याने सांगायच्या आधीच माझ्या डोक्यात ते होतं. मालेगावला काहीही बनवून मिळतं, तिथले हात लेथवर बसलेले असतात, असं आम्ही कारखान्यात कौतुकाने म्हणतो. त्या दिवशी तेच वाक्य मला पुरावा वाटायला लागलं.

तो पहिला आला. शेवटच्या फेरीत वळणावर त्याने एका नव्या गाडीला आतून गाठलं आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी टाळी वाजवली नाही. एवढ्या जुन्या गाडीत एवढा दम कुठून आला, हाच विचार डोक्यात होता.

आता माझी रीत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. धातू तापला की फुगतो. म्हणून गरम वस्तू कधी मोजायची नाही. कारखान्यात नवीन माणूस आला की मी त्याला पहिल्या दिवशी हे शिकवतो. वस्तू आणि गेज एका टेबलावर शेजारी ठेवायचं, दोघं सारखी थंड झाली की मगच हात लावायचा. माळावर एसी नसतो, म्हणून तिथे माझी साधी पद्धत होती. ब्लॉकवर तळहात ठेवायचा. हात आरामात टिकला तर मोजायचं. टिकत नसेल तर थांबायचं. दीड-दोन तास लागतात. नियमपुस्तकात तापमानाबद्दल एक शब्दही नव्हता, ही फक्त माझी रीत होती.

त्या दिवशी मी तीच मोडली. नेहमी तिन्ही गाड्या दोरीच्या आत उभ्या करून मी चहाला जायचो. त्या दिवशी मी सरळ त्याच्या गाडीकडे गेलो आणि हेड, म्हणजे ब्लॉकवरचं झाकण, खोला म्हणालो. पाहुण्यांना लवकर निघायचं होतं, आयोजक घाई करत होते, हे खरं आहे. पण घाईचं कारण ते नव्हतं. मला भीती होती की मध्ये वेळ गेला तर हा काहीतरी करेल. काय करेल, हे मलाही सांगता आलं नसतं. दोन तासांत दोरीच्या आत ब्लॉक कोण बदलू शकतो?

त्याने स्वतःच पाने काढले आणि हेड उघडलं. मी गेज आत घालायला गेलो, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, थांबा थोडं. गरम शे अजून."

गरम आहे तोवर थांबा, हेच मला माझ्याच कारखान्यातल्या फळ्यावर रोज दिसतं. तरी त्याच्या तोंडून ऐकल्यावर मला वाटलं, हा वेळ मागतोय. ज्याच्याकडे लपवायला काही नाही तो थांबा कशाला म्हणेल?

गेजची सुई साडेसत्तावन्न मिलिमीटरच्या पुढे चाळीस मायक्रॉनवर थांबली. मूळ माप सत्तावन्न, म्हणून साडेसत्तावन्न ही मर्यादा. चाळीस मायक्रॉन म्हणजे केसाच्या जाडीच्या निम्म्याहून थोडं जास्त. मी तीनदा मोजलं, तीनदा तेच आलं. माझ्या पोटात जो गार आनंद झाला तो मला आजही आठवतो. माझा संशय खरा ठरला होता.

त्यानंतर माईकवर घोषणा झाली की मर्यादेबाहेरचं इंजिन सापडलं आहे, पहिला क्रमांक रद्द, आणि एक वर्ष बंदी. गलका झाला. कोणीतरी मागून ओरडलं, "बाहेरून शोरूम, आतून पॉवरलूम." लोक हसले. ते वाक्य संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरलं, सोबत त्याच्या उघड्या इंजिनाचा फोटो. या गडबडीत बराच वेळ गेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या गाडीचं मोजमाप मी नंतर सावकाश केलं. दोन्ही मापात होत्या.

मर्यादेबाहेर सापडलेला ब्लॉक कापडात शिवून, लाखेचं सील लावून महिनाभर तपासनिसाकडे ठेवायचा असतो. स्पर्धकाला दाद मागायची असेल तर त्या महिन्यात मागावी. म्हणजे त्याची गाडी ब्लॉकशिवाय राहिली, आणि तीच त्याची रोजची गाडी होती. पिंपळगावला कांदा उतरवून मालेगावकडे परतणारी एक रिकामी पिकअप त्याने रस्त्यावर जाऊन थांबवली. गाडी चढवायला चार-पाच जण गेले. मी मंडपात खुर्चीवर बसून पाहत होतो. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि मी त्याचाही अर्थ माझ्या सोयीने लावला.

महिना झाला. दाद मागितली गेली नाही. ब्लॉक परत पाठवायचा म्हणून मी तपासणीचा कागद काढला. त्यावर माझ्याच अक्षरात वेळा लिहिलेल्या होत्या. शर्यत संपली चार वाजता. पहिल्या गाडीचं मोजमाप साडेचारला. दुसरीचं सहाला, तिसरीचं सव्वासहाला.

एकाचं गरम मोजलं होतं, दोघांचं गार.

सोमवारी ब्लॉक कारखान्यात नेला. सील तोडलं, कोणाला न विचारता. मोजमापाच्या खोलीत वीस अंश तापमान असतं. ब्लॉक रात्रभर तिथे ठेवला आणि सकाळी मोजला. साडेसत्तावन्न. पुढे काही नाही. पुन्हा मोजला, फिरवून मोजला, वर, मध्ये, खाली मोजला. अगदी मर्यादेवर, आणि मर्यादेच्या आत. ज्याने तो कापला होता त्याने आमच्या कारखान्यात नोकरी मागितली असती तर मी लगेच शिफारस केली असती.

माणूस स्वतःवर आळ येऊ नये म्हणून काय करतो ते सांगतो. मी गेजवर संशय घेतला. माळावर वापरलेलं गेज तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवलं आणि आठ दिवस मनात म्हणत राहिलो की ते बिघडलेलं निघू दे. ते बरोबर निघालं. मग मी त्या सांगणाऱ्यावर संशय घेतला. त्याचा भाचा दुसरा आला होता आणि निकाल रद्द झाल्यावर त्यालाच कप मिळाला होता. हे सगळं ठरवून केलेलं होतं, मी फक्त हत्यार झालो, असं मला वाटायला लागलं. त्यात बरं वाटत होतं. एका रविवारी तो मिसळीच्या दुकानात भेटला. मी त्याला जरा कडकच विचारलं की तुम्ही त्या दिवशी मला का सांगितलंत.

त्याने पावाचा तुकडा रश्श्यात बुडवला, खाल्ला, आणि म्हणाला, "सर, मी म्हटलं होतं त्या मालेगाववाल्याचं जरा बघा, मस्त ठेवलंय इंजिन. बघण्यासारखं आहे. एवढंच. तुम्ही अर्धंच ऐकून उठलात."

तो खोटं बोलतोय का, हे मी त्याच्या चेहऱ्यावर शोधत राहिलो. मला काही सापडलं नाही. मिसळ तशीच ठेवून निघालो.

यानंतर मी काहीच केलं नाही. हे लिहायला सगळ्यात जड जातं. चूक झाली ती अर्ध्या तासात. गप्प बसलो ते मात्र दहा महिने, आणि रोज नव्याने. दाद मागायची मुदत संपली आहे, असं मी स्वतःला सांगायचो. नियमात तापमान कुठे लिहिलंय, असंही सांगायचो. ब्लॉक कपाटात, स्वेटरांच्या खाली होता. बायकोने एकदा विचारलं की हे लोखंड कसलं. मी म्हणालो, कारखान्याचं आहे. तिने माझ्याकडे जसं पाहिलं त्यावरून तिला खात्री पटली नसावी. घरात संशय घेणारा मी एकटाच नव्हतो.

मार्चमध्ये आयोजकांनी सांगितलं की यंदा दोन नवे तपासनीस घेतोय, त्यांच्यासाठी सूचना लिहून द्या. मी बसलो आणि पहिली ओळ लिहिली, ब्लॉकवर हात टिकेपर्यंत मोजू नये. दुसरी ओळ काही केल्या लिहिता येईना.

पुढच्याच रविवारी मालेगावला गेलो. ब्लॉक पिशवीत, पायाशी. राहुड घाटात ट्रक अडकला होता, तिथे तासभर थांबलो आणि दोनदा परत फिरावंसं वाटलं. त्याचा पत्ता तपासणीच्या कागदावर होता. पत्र्याची शेड, आत वीस-बावीस माग चालू. त्या खडखडाटात माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. तो एका मागाखाली अर्धा शिरलेला होता. मला पाहून बाहेर आला, हात पुसले आणि दाराकडे बोट दाखवलं.

बाहेर आल्यावर म्हणाला, "आता काय राहिलं न्यायचं?"

मी न्यायला नाही, द्यायला आलोय, असं सांगितलं. त्याने पहिल्यांदा माझ्या मागे पाहिलं, अजून कोणी आलंय का म्हणून. कोणी पाठवलं, असं विचारलं. कोणी नाही म्हटल्यावर त्याचा आणखीच विश्वास बसला नाही. टपरीवर आम्ही बाकावर बसलो. मी पिशवीतून ब्लॉक काढला.

"सील कोणी तोडलं?"

"मी."

"मग हा माझाच कशावरून?"

हा प्रश्न मी त्याच्या जागी असतो तर मीही विचारला असता. त्याने ब्लॉक उलटा केला आणि खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. तिथे लोखंडी पंचने ठोकलेले तीन बारीक ठिपके होते, त्याची स्वतःची खूण. मी तो ब्लॉक कितीतरी वेळा हातात घेतला होता आणि ते ठिपके मला कधी दिसले नव्हते. अंगठा तिथे थांबल्यावरच तो माझ्याकडे वळून बसला.

मी सगळं सांगितलं. वेळा, वीस अंशाची खोली, साडेसत्तावन्न, गेजची तपासणी, कपाटातले दहा महिने. मालेगावचं नाव ऐकून मी काय ठरवून बसलो होतो, तेही. गंगापूर रोडच्या एखाद्या बंगल्यातल्या मुलाने थांबा म्हटलं असतं तर मी थांबलो असतो, असंही सांगितलं. ते वाक्य बोलताना मी चहाच्या ग्लासाकडे पाहत होतो.

तो शहरी बोलायचा प्रयत्न करत होता, पण मध्येच घरचं बोलणं यायचं. "माले माहीत व्हतं," तो म्हणाला. "मीच कापला होता तो. अर्ध्याच्या पुढे गेलो नव्हतो."

मग दाद का मागितली नाही, असं मी विचारलं. चूक करून वर हा प्रश्न विचारायला नको होता.

"कोणाकडे मागायची? मोजणार तर तुम्हीच."

त्याने ब्लॉकमध्ये बोट घालून आतली भिंत चाचपली. तेव्हा पहिल्यांदा किंचित हसला. "सांभाळला बरा तुम्ही. मी भंगारातला ब्लॉक टाकून गाडी चालवली. गाडीत राहिला असता तर एव्हाना झिजला असता. पुन्हा कापावा लागला असता, आणि मग मी गेलोच मर्यादेबाहेर."

मला ते लगेच समजलं नाही, म्हणून त्याने समजावून सांगितलं. त्याच्यासारख्याचं इंजिन दर दोन-तीन वर्षांनी कापावं लागतं, कारण तीच गाडी कामावर जाते, तीच बाजारात, तीच शर्यतीत. जितकं वापराल तितकं ते मोठं होत जातं. नव्या गाडीवाल्याचं इंजिन कधी मोठं होत नाही, कारण ते झिजायच्या आधी तो गाडीच बदलतो. वर त्याच्या गाडीला इंजेक्शन, चार वॉल्व्ह. सीसी तेवढेच, दम जास्त. तो मापात बसतो आणि हा एके दिवशी मापाबाहेर जातो, काहीही लबाडी न करता. "या ब्लॉकमध्ये अजून एक सीझन आहे, साहेब. फार तर दीड. तोच तुम्ही वर्षभर कपाटात ठेवला."

आठ वर्षं मी तो नियम हातात घेऊन फिरलो. सगळ्यांना एकच माप म्हणजे न्याय, असं मला वाटायचं. मापणाऱ्याला असंच वाटतं.

मी माफी मागितली. त्याने मान हलवली. "माफी इथं मागाल तर इथंच राहील, या बाकावर. चोर म्हणालात ते माईकवर. मग माईकवरच सांगा."

मी हो म्हणालो. चहा त्याने पाजला, माझा हात खिशाकडे गेला तेव्हा टपरीवाल्याला त्याने नुसती मान हलवून नकार दिला.

परत आल्यावर आयोजकांना सांगितलं. ते वाईट नाहीत. पण त्यांचं म्हणणं होतं की बंदी तशीही संपतेय, निकाल आता नियमाप्रमाणे बदलता येणार नाही, मग राख कशाला उकरायची. उद्या सगळे आठ वर्षांचे निकाल काढून बसतील. मी म्हणालो, बसू देत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी दुसऱ्या कुठल्या आयोजकांकडून आलोय.

यंदाच्या एप्रिलमध्ये, शर्यतीआधी सगळे स्पर्धक मंडपात जमतात तेव्हा, मी कागद वाचला. पाच वाक्यं होती. मागच्या वर्षी पहिल्या गाडीचं माप मी गरम असताना घेतलं, बाकीच्यांचं गार झाल्यावर. थंड केल्यावर ते इंजिन नियमात निघालं. चूक माझी होती. ती मला महिनाभरातच कळली होती. मी ती दहा महिने लपवली. चौथ्या वाक्याला माईक किरकिरला, म्हणून ते पुन्हा वाचावं लागलं.

मग एकाने विचारलं की दोन वर्षांपूर्वी त्याच्या भावाचं इंजिन मोजलं होतं ते गार होतं का. दुसऱ्याने विचारलं, कप कोणाकडे राहणार. जुन्या गाड्यांना पाऊण मिलिमीटरची सवलत द्यावी, असं मी सुचवलं. त्यावर तिघे-चौघे एकदम म्हणाले की मग सगळ्यांचीच इंजिनं झिजतील. गेल्या वर्षी मीही हेच म्हणालो असतो. प्रस्ताव तिथेच पडला. मागे, खांबाला टेकून, तो मालेगावचा माणूस हेल्मेट छातीशी धरून उभा होता. त्याने ना मान हलवली, ना नजर वळवली.

शर्यतीत तो तिसरा आला. सरळ पट्ट्यावर नव्या गाड्या त्याला सोडून गेल्या, वळणांवर त्याने एकेकाला परत गाठलं. पण तिसराच. तिसरा म्हणजे इंजिन उघडायचं.

तिन्ही गाड्या दोरीच्या आत लागल्या. या वेळी माझ्याभोवती वीस-पंचवीस माणसं होती. एवढे लोक मापाला कधी थांबत नाहीत. नवे दोन तपासनीसही माझ्या हाताकडे बघत होते, मी पंपावर बघतो तसे. हेडं निघाली. पहिला आलेला मुलगा पुढे झाला आणि त्याने आपल्या ब्लॉकवर तळहात ठेवला. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. हात झटकन मागे घेतला. दुसऱ्याने तेच केलं.

मग तो आला. आपल्या ब्लॉकवर हात ठेवला, क्षणभर ठेवून उचलला आणि माझ्याकडे वळला.

"गरम शे अजून."

मी गेज पेटीत ठेवलं, पेटी टेबलावर ब्लॉकच्या शेजारी ठेवली आणि खुर्चीवर बसलो. कोणीतरी मला चहा आणून दिला. लोक हळूहळू वडापावकडे पांगले. तो गेला नाही. समोरच मातीत मांडी घालून बसला, ब्लॉक आणि मी दोघंही नजरेत राहू अशा जागी.